ताटीवरचा कम्प्युटर

घरात नवा लॅपटॉप आला की मी आधी त्याच्या पंख्याच्या जाळीला नाक लावते. नवरा म्हणतो, "चालू तरी कर." करते ना, पण आधी नाक. माझ्या पहिल्या कम्प्युटरला धुराचा आणि सुक्या झिंग्यांचा वास यायचा. तेव्हापासून बिनवासाच्या यंत्रावर माझा विश्वास चटकन बसत नाही.

मी सातवीत होते. चामोर्शीजवळच्या आमच्या गावात बाबा तलावात मासे धरायचे. मामा अहेरीला एका कार्यालयात शिपाई होता. तिथून मोडीत निघालेला कम्प्युटर त्याने एसटीच्या टपावरून आणला आणि ओसरीत मांडून चालू केला. काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकू लागली. संध्याकाळच्या तलावावरचा एखादा काजवा कोणी काचेमागे ठेवावा, तशी. मी जेवताना, शाळेत, झोपेत तीच बघत राहिले.

श्रावणात कम्प्युटरची पेटी मुकी झाली. कळ दाबली तरी रेघ येईना.

"रविवारी भंगारवाला येते, त्याले देऊन टाकू," बाबा म्हणाले. "जाळं ठेवाले जागा नाई, अन् हे नवाब कोपऱ्यात बसून राह्यले."

मी जेवण सोडलं. माझं न जेवणं हे मोठं नाटक असायचं. पण या वेळी खरंच घास उतरत नव्हता. मायने पेटीला हात लावून पाहिला.

"ओल धरली त्यानं," ती म्हणाली.

ओल धरलेल्या कुठल्याही वस्तूवर आमच्याकडे एकच इलाज होता: चुलीवर टांगलेली बांबूची ताटी. मासोळ्या तिथेच सुकायच्या, बियाणंही तिथेच. मायने झिंगे बाजूला सारले आणि पेटी वर ठेवली.

"माय, कम्प्युटर आहे तो."

"मंग? ओल काय पाहून धरते का?"

रविवारपर्यंत मी चुलीपाशीच बसून होते. धूर पेटीच्या फटींतून आत शिरायचा, दुसऱ्या बाजूने सावकाश बाहेर यायचा, आणि मला वाटायचं, आत कोणीतरी म्हातारा विडी ओढत विचार करतोय. डोळे मिटले की ताटी होडीसारखी हलायची. हिरवी रेघ पाण्याखालून पोहत जायची आणि मी तिच्यामागे.

रविवारी दुपारी वीज आली. बाबांनी पेटी उतरवली, मी वायरी जोडल्या. पेटी घुरघुरली आणि पंख्यातून राखेचा लोट थेट बाबांच्या तोंडावर आला. गल्लीतली दोन मांजरं धावत येऊन पेटीला अंग घासू लागली. माय पदर तोंडात धरून हसत होती. आणि पडद्यावर, अगदी हळू, रेघ उगवली.

बाबा मिशीवरच्या राखेसकट तिच्यासमोर बसले.

"हे काऊन लुकलुकून राह्यलं?"

"वाट पाहून राह्यलं, बाबा. आपण काही सांगू म्हणून."

"किती वेळ पाहते?"

"वीज आहे तोवर."

पाण्यात गळ टाकून अर्धा दिवस न हलता बसणारा माणूस तो. बाबा मान किंचित तिरकी करून बघत राहिले. रेघ जात होती, येत होती.

बाहेर भंगारवाल्याने हाक दिली. बाबांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"आज काही नाई, भाऊ," ते तिथूनच म्हणाले. "घरी पाहुणे आहेत."