पूजा झालेल्या चाकाचे नट

आमचा धाकटा मुंजाजी म्हंजे मानवतातला एक नंबरचा ड्रायव्हर, ह्यात वादच न्हाई. जुन्या ट्रकची चाकं बाहेर निघून रुबाबदार दिसावी म्हणून त्यानं चाकांमागं लोखंडी स्पेसर, म्हंजे जाड चकत्या, बसवल्या. मिस्त्री बोलला, "थोडं चालवून नट परत आवळ, न्हाईतर चाक निसटंल." पण तवर चाकांची हळदकुंकू लावून पूजा झालती, आन नट आवळायचे तर पान्यावर पाय देऊन उभं ऱ्हावं लागतंय.

"पूजेच्या चाकावर पाय देऊ व्हय?" नट आवळा म्हणणाऱ्या बायकोवर, सत्यभामेवर, तो खेकसला. ती पहिल्या बाळंतपणाला सेलूला, माहेरी निघालती. सासऱ्याला ट्रक दाखवायचा म्हणून मुंजाजीनं तिला त्यातच बसवलं.

वाटेत पुढचं चाक निसटून ट्रकच्या आधी पळायला लागलं.

"अवो, आपल्या आधी कोण चाललंय बघा माझ्या माहेराला!"

ट्रक एका अंगाला कलला, पण मुंजाजीनं असा सांभाळून थांबवला की तिच्या पोटातलं पाणी हाललं न्हाई. दुसऱ्याला जमलंच नसतं!

मिस्त्रीला बोलावून सगळे स्पेसर काढले, पळालेलं चाक आणून बसवलं. मग मुंजाजी चपला काढून चाकाच्या पाया पडला आन नट आवळायला पान्यावर चढून असा नाचला की सत्यभामा पोट धरून वरडली, "बास करा, न्हाईतर हितंच बाळंत व्हीन!"