आत्येची अळंबी आणि माझे डोळे

श्रावणात आमच्याकडे मासळी बंद, आणि जीभ तर मालवणी. तिची समजूत काढायला अळंबी लागे. कट्टा गावच्या बाजारात ती पानांच्या द्रोणात मिळायची, पण विकतची म्हटली की आमची आत्या नाक मुरडी. तिला सड्यावरच्या, गावावरल्या कातळाच्या माळावरच्या गवतातली, स्वतः ओळखलेलीच हवी. घरचा नियम होता, ज्यानं ओळखली त्यानंच पहिला घास घ्यायचा. खात्री नसेल तर आणूच नका, इतका साधा त्याचा अर्थ.

साठ सालाच्या सुमारास तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. देठ, देठावरचं कडं बोटांना कळे, वास नाकाला कळे. रंग तेवढा मी सांगायचा. मी दहा वर्षांची आणि माझा तोरा काय वर्णावा! तिचा हात धरून त्या ओल्या गवतातून चालताना मला आभाळ ठेंगणं वाटायचं. ते चालणं आजही फार आठवतं.

एका सकाळी छत्र्यांचा अख्खा घोळका सापडला. आत्येनं एकेक चाचपली.

"खालच्या पाकळ्यांचो रंग कसलो गो?"

"पांढरो," मी म्हटलं.

दोन-तीन छत्र्यांखाली हिरवट झाक होती आणि ती मला दिसली होती. हिरवट म्हणजे विषारी, हे तिनंच शिकवलेलं. पण भरली टोपली घरी न्यायची हौस दांडगी. गवताची सावली पडली असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

दुपारी खोबऱ्याच्या वाटपाचा वास घरभर सुटला. आत्येनं घास उचलला तशी मी किंचाळले, "आत्ये, खाव नको! हिरवी होती!"

तिनं घास खाली ठेवला. टोपातलं सगळं परसात खड्डा काढून पुरलं. ना मारलं, ना ओरडली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा माझाच हात धरला. सड्यावर जेमतेम चार अळंब्या मिळाल्या.

"रंग?"

मी प्रत्येक छत्री उजेडात तीनतीनदा उलटून बघितली. "पांढरो."

जेवताना मी हट्ट धरला, "आज पयलो घास माका दी."

"वळाखलंय मी, मीच खातलंय," म्हणत तिनं घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. मग ताट माझ्याकडे सरकवलं. मला रडू आवरेना. एवढा विश्वास पुढे जन्मात माझ्यावर कुणी टाकला नाही.