सर्वानुमते मंजूर

माण तालुक्यातल्या आमच्या पंचायतीत एक तरी बाई घ्यावी, असं वरून आलं आणि गावानं मला घेतलं. मी चौथी पास. पण सरपंच माझेच सासरे, तेव्हा सून शिकलेली असली तरी बोलणार थोडीच!

सभा चावडीत भरायची. सासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी पदर नाकापर्यंत ओढून दाराशी बसायची आणि चहाची वाट बघायची. वहीत दर ठरावाखाली ठरलेलं वाक्य, 'सर्वानुमते मंजूर'. त्या सर्वांत मीही आले म्हणायची!

एकदा गावाला विहीर मंजूर झाली. आम्ही बायका नदीवरून पाणी आणायचो. मला सातवा महिना होता आणि चढावर डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. विहिरीचं ऐकून मी हरखलेच. पण पंचांनी जागा धरली ती चावडीसमोर! आलेल्या साहेबाला दिसली पाहिजे म्हणे. चावडीपुढून आम्ही सुना चपला हातात घेऊन, खाली मान घालून जायचो. तिथं साऱ्या वडीलधाऱ्यांसमोर ओणवं होऊन पोहरा ओढणार कोण? विहीर होऊनही आम्ही नदीलाच जाणार होतो. हे एकालाही सुचलं नाही. सुचणार कसं? त्यांच्यातल्या कुणी कधी घागर उचलली नव्हती.

राग असा आला की रडूच फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात चिटणिसानं सहीला वही पुढं केली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बोलायची बंदी होती, लिहायची कुठं होती? मी 'सर्वानुमते'वर काट मारली आणि खाली लिहिलं, 'मला मान्य नाही. इथं सुनांना पाणी भरता येणार नाही. विहीर वरच्या आळीला हवी.'

चिटणिसानं ते मोठ्यानं वाचलं. सासऱ्यांनी पागोटं काढून डोकं खाजवलं.

"व्हय की रं," ते पंचांना म्हणाले, "ह्यो इचारच न्हाई केला आमी."

विहीर वरच्या आळीला झाली. पुढच्या निवडीला मात्र गाव शहाणं झालं. मला वगळून त्यांनी निरक्षर बाई शोधली, आणि तिचं नाव सुचवलं सासऱ्यांनीच. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याला गेले, तर ती नवी पंच विहिरीवर माझीच वाट बघत उभी. तिनं पदराआडून पोराची पाटी काढली.

"वैनी," ती म्हणाली, "'मान्य न्हाई' कसं लिवायचं, तेवढं दावा."