ओठातली गाठ

खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला, मला एक गाठ आली होती. मटकीएवढी होती तोवर मी लक्ष दिलं न्हाई. पुढं बोराच्या बीएवढी झाली आणि जीभ सारखी तिथंच जायला लागली. मऊ, निळसर, आणि दुखायचं म्हणाल तर काडीचं न्हाई. एकदा भाकरी खाता खाता फुटली, आतून अंड्यातल्या पांढऱ्यासारखं चिकट पाणी आलं. म्हटलं, चला, सुटले! कसली सुटतेय, थोड्याच दिवसांत पुन्हा भरून तयार.

माझं सासर शिरूर अनंतपाळचं. घरात सासू-सासरे, थोरले दीर, जाऊ, नवरा, मी आणि माझी चार वर्षांची पोरगी. मी स्टीलच्या ताटाचा आरसा करून ओठ उलटा करून बघत होते, ते जावेनं पाहिलं आणि सासूच्या कानावर घातलं. सासूला आम्ही मामी म्हणतो. तर मामींनी तोंडात बोट घालून मिसरी घासता घासता निकाल देऊन टाकला, की ही चोरून गुटखा खाते.

आता तुम्हीच सांगा. सासऱ्यांच्या खिशात तंबाखूची पुडी, दिरांच्या गालात दिवसभर बार, आणि मामींना तर मिसरीशिवाय उजाडत न्हाई. अख्ख्या घरात सुपारीचं खांडही ठाऊक नसलेलं तोंड माझं, आणि झडती कुणाच्या पेटीची झाली? माझ्या. साड्यांच्या घड्यान् घड्या उलगडून पाहिल्या. काहीच सापडलं न्हाई, तर म्हणे, लई हुशार हाय, लपवून ठेवते. अशा माणसांपुढं काय बोलावं!

गल्लीतला एक माणूस तोंडाच्या कॅन्सरनं गेला होता, त्याची धास्ती सगळ्यांनी घेतली होती. धास्ती मलाही होतीच की. पण मला धीर द्यायचा सोडून त्यांनी माझं ताट, माझा तांब्या वेगळा काढला. तेही मी सोसलं. मग पोरीला माझ्या ताटात जेवायची बंदी झाली, माझ्याजवळ झोपायची बंदी झाली. मी तिचा मुका घेतला की मामी पदरानं तिचा गाल पुसायच्या. पोरगी आधी रडायची. मग रडायची थांबली, आणि माझ्याकडं येताना पहिल्यांदा आजीच्या तोंडाकडं बघायला लागली.

तिथं माझं डोकं फिरलं. नवऱ्याला सगळ्यांसमोर म्हटलं, मला लातूरला नेऊन दाखवा, न्हाईतर मी पोरीला घेऊन उमरीला आईकडं जाते.

मामी म्हणाल्या, "तुला जायचं तर जा. पोरगी हितंच राहील."

नवरा खाली मान घालून बसला. पण दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरला निघालो. सोबत थोरले दीरही आले, कारण आमच्या घरात त्यांच्याशिवाय पान हलत न्हाई.

दातांच्या दवाखान्यातली डॉक्टर माझ्याहून लहान असेल. तिनं बॅटरी लावून पाहिलं, बोटानं दाबून पाहिलं आणि नीट समजावून सांगितलं. ओठाच्या आत लाळेच्या बारीक बारीक ग्रंथी असतात. सारखा दात लागून एखादीची नळी तुटते, मग लाळ तोंडात यायच्या ऐवजी तिथंच साचून राहते. नुसती फोडून उपयोग न्हाई, पुन्हा भरते. तेवढ्यापुरती भूल देऊन गाठ आणि तिच्याखालची ग्रंथी दोन्ही काढायच्या, टाके घालायचे, बास. काढलेलं तपासायला पाठवू, पण घाबरण्यासारखं दिसत न्हाई, आणि तंबाखूचा तर याच्याशी काही संबंधच न्हाई. मग तिनं विचारलं, ओठ चावायची सवय आहे का? मी म्हटलं, न्हाई बाई.

तेवढ्यात थोरले दीर कागद घेऊन आत आले. माझ्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात तोंड पुसायचा कापूस. मी रोजच्यासारखा पदर दातात धरला.

डॉक्टर म्हणाली, "ताई, हेच. असंच धरून राहा जरा."

तिनं पदराचं टोक हळूच बाजूला केलं आणि मला आरसा दाखवला. पदराबरोबर ओठही दाताखाली गेला होता, बरोबर गाठीच्या जागी.

लग्न झाल्या झाल्या मामींनीच शिकवलं होतं हे. भाकरी थापताना दोन्ही हात पिठात असतात, समोरून सासरे-दीर गेले तर डोक्यावरचा पदर सरकायला नको, म्हणून दातात धरायचा. इतकी वर्षं धरला. या सगळ्यांचा मान राखताना माझ्या ओठात गाठ आली, आणि चोर ठरले मीच. दीर छताकडं बघत उभे राहिले.

गाठ त्याच दिवशी काढली, पण तपासणीचा कागद येईस्तोवर घरी मी काही सांगितलं न्हाई. टाके काढायला पुन्हा गेलो तेव्हा तो कागदही आला. वाईट काहीच निघालं न्हाई. परत येताना बसमध्ये नवरा म्हणाला, घरी पदराचं नाव काढू नको, उष्णतेनं झालं होतं म्हण, आईला वाईट वाटेल. त्याच्या आईला! मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी पोचलो तर पोरगी अंगणात मातीच्या भाकरी थापत बसली होती. डोक्यावर टॉवेलाचा पदर, दोन्ही हात चिखलात. सासरे ओट्यावर आले, तिनं त्यांना पाहिलं आणि टॉवेलाचं टोक दातात धरलं.

मामी कौतुकानं म्हणाल्या, "बघा कशी शहाणी हाय, न शिकवता आलं."

मी पिशवी खाली टाकली आणि पोरीसमोर बसले. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, तो येऊ दिला. सासऱ्यांच्या देखतच बोलले, "मामी, माझ्या ओठातली गाठ गुटख्यानं झाली न्हाई, ह्या दातात धरलेल्या पदरानं झाली. माझी पोरगी हे करणार न्हाई, आणि आजपासून ती माझ्याजवळच झोपणार."

 मी टॉवेलाचं टोक धरून पोरीला म्हटलं, सोड. तिनं आधी आजीकडं बघितलं. मी हात तसाच धरून थांबले. मग तिनं दात उघडले.