हिरडीवरचं बोट

रहिमतपूरच्या आमच्या मेडिकलवाल्यांना बाळाच्या दातांचं जेल विकताना एक सवय आहे. कुणाची आजी काउंटरशी आली की उघड्या नळीतलं थोडं जेल बोटावर घेऊन ते आधी स्वतःच्या हिरडीला चोळतात. "बगा, कळ लगीच गायब. लय भारी हाय." जीभ जड झाल्यानं शेवटचे शब्द जरा बोबडे येतात. आजी हसते आणि नळी घेऊन जाते. आमच्या लेकीसाठी मीही अशीच नेली होती.

परवा त्यांच्या घरी गेलो. नातवाला दात येत होते, पोरगं रडत होतं आणि हे गार पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं त्याच्या हिरड्या हलकेच दाबत होते.

"जेल नाही लावत?" मी विचारलं.

"त्यानं हिरडी नुसती बधिर व्हती. सूज आत तशीच ऱ्हाती. उगं लहान जिवाला कशाला?"

"मग आम्हाला दिलंत ते?"

त्यांनी फडकं पिळलं, पुन्हा घडी घातली. "तुमी मागितलं की."

काल दुकानावरून चाललो होतो. काउंटरशी एक आजी उभी होती आणि यांचं बोट हिरडीवर होतं. मला पाहिलं, तरी बोट काढलं नाही. मी पुढे जाईपर्यंत नुसतं चोळत राहिले, 'लय भारी हाय' तेवढं आलं नाही.