रुखवतात मांडलेली जलपर्णी

वैशाखातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासातला वहिनींचा फोन आला.

"भावजी, आज सुट्टी हाय का तुमाला? नसली तर घ्या. येताना चांगल्या धारेचे दोन चाकू आना."

एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. मी बीडला एका दैनिकात बावीस वर्षे काम केले आहे. अपुऱ्या माहितीवर घराबाहेर पडण्याची सवय होती. चाकू घेतले आणि नेकनूरच्या बाजूची साडेआठची बस धरली.

आमचे गाव रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे आणि गावाखाली तलाव आहे. मी पोहोचलो तेव्हा वहिनी कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. अंगावर नवऱ्याचा जुना सदरा, डोक्याला रुमाल, ऊसतोडीला जाताना असतो तसा पोशाख. त्या जलपर्णी मुळासकट उपटून काठाकडे ढकलत होत्या. काठावर माझा थोरला भाऊ आणि शेजारची एक बाई ती ओढून घेत होते. पुतणी बाजूला हाताची घडी घालून उभी होती. तिचे लग्न अठरा दिवसांवर आले होते.

"काका, तुमी तरी सांगा हिला," पुतणी म्हणाली. "माझं सगळं रुखवत ह्या घाणीचं करायचं म्हनती."

"घान कावून?" पाण्यातून वहिनी ओरडल्या. "वाळल्यावर बघ. तालुक्याला फोटो दाखवले आमाला. टोपल्या, चटया, बसायची स्टुलं. लई भारी!"

"फोटोत सगळंच भारी दिसतं."

या तलावावर मी जवळपास दर उन्हाळ्यात एक बातमी दिली आहे. प्रत्येक मथळ्यात 'विळखा' हा शब्द होता. बातमीसाठी काठावर उभे राहणे पुरत असे. पाण्यात उतरलो तो त्या दिवशी पहिल्यांदा. उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जी गोष्ट कळली, ती माझ्या एकाही बातमीत आलेली नव्हती. काठावर सुटी वाढलेली जलपर्णी आखूड आणि फुगीर देठाची असते. मधोमध, दाटीत वाढलेलीचे देठ हातभर, कधी दीड हात लांब असतात. वहिनींना लांब देठ हवे होते, म्हणून त्या खोल पाण्यात होत्या.

भाऊ आणि वहिनी दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. या वर्षी गावातल्या बचत गटाच्या बायकांना जलपर्णीच्या वस्तू शिकवायला तालुक्याला तीन दिवसांचा वर्ग होता. यांची टोळी कारखान्यावरून एक दिवस उशिरा परतली. वहिनींचा वर्गाचा पहिला दिवस बुडाला. उरलेले दोन दिवस त्या गेल्या, आणि परत आल्या त्या रुखवताचा निर्णय घेऊनच. पहिल्या दिवशी काय शिकवले, हे त्यांनी कुणाला विचारले नाही. मीही विचारले नाही. विचारायला हवे होते. तेच माझे काम होते.

दुपारपर्यंत लिंबाखाली देठांचा गुडघाभर ढीग झाला. पाने आणि मुळे छाटून उकिरड्यावर गेली. वर्गात तीन पदरी वेणी शिकवली होती. शेजारच्या बाईने एक हात लांबीची वेणी घातली. मी घड्याळ लावले, चार मिनिटे लागली. वहिनींनी वेणी घातलीच नाही. त्यांनी दोन देठ घेतले, तळव्यात धरून डाव्या हाताने पीळ दिला, टोकाला नवा देठ खुपसला आणि पुढे गेल्या. हातभर दोर सव्वा मिनिटात झाला.

"हे कुठं शिकवलं?" मी विचारले.

"हे? हा वाढ्याचा बंध हाय, भावजी. दिवसाला किती मोळ्या बांधतो आमी!"

उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पात्यांना वाढे म्हणतात. तोडलेल्या उसाची मोळी त्यांच्याच पिळाने बांधतात. वेगळी दोरी लागत नाही. वहिनींच्या हातांना तो पीळ वीस वर्षांचा पाठ होता. टोपलीचे बूडही त्यांनी चुंबळ वळावी तसे सुरू केले, डोक्यावर ओझे घेण्याआधी वळतात तसे. पहिली टोपली उभी राहताना आम्ही चौघेही काम सोडून पाहत होतो. मग भाऊ उठला आणि न सांगता बांबू फोडायला बसला. स्टुलाचा सांगाडा त्याने तासाभरात केला.

पाच दिवसांत नऊ वस्तू झाल्या. दोन टोपल्या, एक परडी, दोन चटया, फुलदाणी, पिशवी, आरशाची चौकट आणि स्टूल. सगळ्या हिरव्या, तुकतुकीत, घट्ट. गल्लीतल्या बायका येऊन हात लावून गेल्या. मी बीडला परतलो ते खिशात त्या वस्तूंची मापे लिहिलेला कागद घेऊन. का लिहिली होती, कोण जाणे.

आठव्या दिवशी पुतणीचा फोन आला. "काका, आईचं रुखवत हलायलंय."

जाऊन पाहिले. टोपल्यांच्या विणीत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. अंगठ्याएवढा देठ सुकून बोरूएवढा झाला होता. स्टुलाचे वेढे घसरून पायांशी जमा झाले होते, सैल तोड्यांसारखे. चटईवर काळे ठिपके होते आणि तिला तलावाचा वास येत होता. भावाने टोपली उचलून उजेडात धरली.

"हे तर गाळणं झालं," तो म्हणाला. "चहाला चालंल."

वहिनी स्टुलाचा एक वेढा बोटाने वरखाली करत होत्या.

तिन्ही दिवस वर्गाला गेलेली शेजारची बाई हळूच म्हणाली, "पैल्या दिवशी सांगितलं होतं तिथं. आदी चांगलं वाळवा, मग वरून पानी शिंपडा, मग विना."

"मग बोलली कावून न्हाईस?" वहिनींनी विचारले.

"मला वाटलं, तुमच्या हाताची काई येगळी कला आसंल."

चूक कुठे झाली ते आता कळले. दुसऱ्या दिवशी वर्गात देठ हाती आले ते ओलसर होते. वाळवून मग भिजवलेले. वहिनींनी ते ताजे समजले, कारण त्यांच्या कामात बंध नेहमी ताज्याचाच असतो.

"मोळी दुपारी बांधायची, सांजेला गाडीत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी त्या बंधाचं काय होतं, हे आपन कदी बघितलंच न्हाई."

"आई, बास आता," पुतणी म्हणाली. "दुकानातनं आणू चार वस्तू."

"एक डाव वाळवून करू दे. मांडवात एक जरी वस्तू हलली, तर मी सोता उचलून तळ्यात टाकीन. तुज्या सासरच्यांच्या देखत."

"तू टाकशील. आन् मला ते जन्मभर ऐकवतील, त्याचं काय?"

दहा दिवस उरले होते. वहिनींनी रुमाल बांधला आणि तलावाकडे निघाल्या. आम्ही मागून गेलो. पुतणी आली नाही.

या वेळी देठ पत्र्यांवर पसरले. वैशाखाचे ऊन, दुपारी पत्र्याला हात लागत नव्हता. वहिनी दिवसातून दोनदा शिडीने वर जाऊन देठ उलथत होत्या. मी पुन्हा रजा घेतली होती आणि रोज सकाळी एकच देठ मोजत होतो, वर लाल धागा बांधलेला. पहिल्या दिवशी अंगठ्याएवढा, तिसऱ्या दिवशी करंगळीएवढा. पाचव्या दिवशी तो वाळल्या भुईमुगाच्या वेलासारखा तपकिरी झाला आणि हातात वाजला. वाकवला तर मोडला. थोडे पाणी लावून वाकवला तर बोटाभोवती गुंडाळला गेला.

"वाजला!" मी शिडीवरून ओरडलो. "वहिनी, वाजला!"

त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास वावटळ आली. ती समोरच्या नांगरटीतून उठली, धुळीचा खांब होऊन सरळ घरावर आली. वहिनी "पत्रे, पत्रे!" एवढेच म्हणाल्या. मग देठ वर उठले. पाच दिवसांची मेहनत थव्यासारखी छपरावर एक फेरी मारून गेली आणि रानभर सांडली. काही देठ बाभळीत अडकले, काही तिसऱ्या बांधापर्यंत गेले.

आम्ही पळालो. गल्लीतली घरे पळाली. नांगरलेल्या ढेकळांतून पळणे सोपे नसते. भाऊ दोनदा पडला. आणि सगळ्यांच्या पुढे, ओढणी कमरेला खोचून, पुतणी पळत होती. पाच दिवस तिने देठांकडे पाहिलेही नव्हते. आता बाभळीखाली उड्या मारत होती.

"आगं, पायात काटा मोडंल, हळद लागायची हाय तुला!" मागून कुणी म्हणाले.

"मोडू दे! काका, तिकडं, तिकडं वड्यात गेले!"

सगळे गोळा करून मोजले तेव्हा साधारण दोन तृतीयांश परत आले होते. नऊ वस्तूंना ते पुरणार नव्हते. वहिनींनी यादीतून पिशवी, आरशाची चौकट आणि एक चटई काढली. स्टूल काढावे, असे भावाने सुचवले. सर्वांत जास्त देठ त्यालाच लागत होते आणि तेच मोडण्याची भीती होती.

"स्टूल ऱ्हाणार," पुतणी म्हणाली. तिच्या हातात कुसळे घुसली होती आणि ती दाताने काढत होती.

उरलेल्या दिवसांत रोज पहाट फुटल्यापासून उन्हे चढेपर्यंत लिंबाखाली काम चालले. उन्हात देठ लगेच कडक होत. म्हणून सकाळचीच वेळ. मी पाणी शिंपडत होतो. वहिनी पीळ घालत होत्या, पुतणी काठांना तीन पदरी वेणी लावत होती. तिची वेणी आईच्या पिळापेक्षा बारीक होती. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला स्टुलाचा शेवटचा बंध बसला. वहिनींनी त्याला हिसका दिला. बंध जागचा हलला नाही.

लग्न गावातच होते. वरपक्ष केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या बाजूचा. पाहुणे अकराला उतरले. रुखवतात सहा वस्तू होत्या, पाच टेबलावर आणि स्टूल जमिनीवर. स्टूल टेबलाखाली लपवावे, असा कुणीतरी सल्ला दिला, तेव्हा पुतणीने ते पुढे ओढून ठेवायला लावले.

वराकडच्या बायका पाहायला आल्या. एकीने परडी उचलली, हुंगली.

"कशाची म्हनायची ही?"

"जलपर्णीची," वहिनी म्हणाल्या.

"तळ्यातली? आगं बया! म्हशीसुद्धा तोंड लावत न्हाईत की तिला."

हशा झाला. वहिनींचे तोंड उतरले. त्यांनी पदर सारखा केला. तेवढ्यात नवऱ्या मुलाचा मामा पुढे आला. तो मोठ्या अंगाचा माणूस होता. मंडपातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्याला दोन्ही हातांवर जोर देऊन उठावे लागत होते.

"हे बसायचं हाय का बघायचं?" त्याने स्टुलाला पाय लावून विचारले.

"बसायचं," वहिनी म्हणाल्या.

"मोडलं तर भरून देनार न्हाई बरं का, ताई."

"मोडलं तर मी तळ्यात टाकनार हाय. बसा तुमी."

मामा वळला आणि धोतर सावरत स्टुलावर टेकला. स्टूल करकरले. मामाने अंग पूर्ण सोडले. पुन्हा करकर, आधीपेक्षा लांब. मी वेढ्यांकडे पाहत होतो, वहिनी डाव्या पायाजवळच्या बंधाकडे. भावाने डोळे मिटले होते. मामा डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, मग मुद्दाम दोनदा उसळला.

काहीही हलले नाही.

"च्यामायला," मामा म्हणाला. "मला उठवू नका आता. जेवन हितंच आना."

आता झालेला हशा वेगळा होता. पुतणी मुंडावळ्या सावरत खोलीच्या दारातून पाहत होती. तिने तोंडावर हात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते.

मामा उठल्यावर वराची आई पुढे आली. तिने स्टूल आडवे केले, खालच्या बंधावर अंगठा फिरवला आणि तो पिळाच्या दिशेने दाबला.

"हा बंध वाढ्याचा हाय," ती म्हणाली.

"व्हय," वहिनी म्हणाल्या.

"पन पीळ उलटा. डावखुऱ्या का तुमी?"

"व्हय."

"कोनत्या भागात आस्ता तोडीला?"

सोयरीक ठरवताना हे विचारले गेले नव्हते. मंडपात तर कोयत्याचे, म्हणजे ऊसतोडीचे, नाव कुणी काढत नाही. वहिनींनी कारखान्याचा भाग सांगितला. वराच्या आईने आपला सांगितला. दोघींच्या कोप्यांमध्ये, म्हणजे तोडीवरच्या झोपड्यांमध्ये, त्यांच्या हिशेबाने फार तर दहा किलोमीटर होते. दोघी तिथेच जमिनीवर बसल्या. परडी हुंगणारी बाई उभी होती. वराच्या आईने तिला हाताने खाली बसवले.

"तोंड लावती का न्हाई म्हैस, ते सोड. हे वळून दाखव बरं तुला येतं का."

तिला आले नाही.

संध्याकाळी वऱ्हाड निघाले तेव्हा रुखवत टेम्पोत चढले. स्टूल मामाने दुसऱ्या कुणाला उचलू दिले नाही. मांडीवर घेऊन पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. त्याआधी मी त्याला वजन विचारून घेतले होते. एकशे आठ किलो. वहिनींना सांगितले, तेव्हा त्यांनी ते दोनदा मोठ्याने म्हटले.

पहिल्या नऊ वस्तू अजून गोठ्यात आहेत. वहिनींनी त्या तळ्यात टाकल्या नाहीत. परवा गेलो तेव्हा सैल टोपलीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. पत्र्यांवर नवे देठ पसरलेले होते, आणि त्यांच्यावर चारी कडांनी ताणून बांधलेली मासे धरायची जुनी जाळी होती.