सोनचाफ्याचं पहिलं फूल

परसातला सोनचाफा मी लावला, पाणी मी घालतो. पण त्याचं पहिलं फूल जातं वेशीबाहेरच्या निनावी सैनिकाच्या थडग्यावर. तो कोण, कुठला, गावात कुणालाच ठाऊक नाही. तरी आमची ही त्याचा दगड पदराने पुसते आणि मी, फौजेतून रिटायर झालेला तिचा नवरा, बाजूला उभा राहून जळतो. मेलेल्याशी बरोबरी कशी करायची? तो घोरत नाही, गार चहावरून कुरकुरत नाही.

आज न राहवून म्हणालो, "जिवंत सैनिकाला कधी फूल दिलंस का गं?"

"तुम्ही सीमेवर होता तेव्हा रोज इथेच येऊन बसायचे. तुम्ही सुखरूप यावं म्हणून यालाच नवस बोलले होते."

माझा जळफळाट मात्र वाढलाच. त्या वर्षांतलं तिचं सगळं बोलणं या दगडाने ऐकलंय, मी नाही.